जुम्याची सकाळ आणि दजलेकाठची चित्रे

बगदाद हे नाव आपल्या घरांना परके नाही. ग्यारवीच्या महिन्यात शेख अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांचा उल्लेख निघाला की बगदाद येते. फिक्हचा विषय निघाला की इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या कबरीचे शहर म्हणून येते. दादी-नानीच्या तोंडून ऐकलेल्या हारून रशीदच्या गोष्टींतही ते असतेच. पण गेल्या काही दशकांत हे शहर आपल्या घरात शिरले ते मुख्यतः बातम्यांतून. बॉम्ब, धूर, रणगाडे आणि छाती पिटणाऱ्या आया. इतक्या जवळच्या शहराची एवढीच ओळख आपल्या मुलांकडे उरावी, हे आम्हाला बरे वाटत नाही.

म्हणून या महिन्यात आम्ही बगदादच्या एका नेमाबद्दल लिहीत आहोत. दर शुक्रवारी सकाळी, जुम्याच्या नमाजीच्या आधीच्या तीन-चार तासांत, जुन्या बगदादमधल्या एका रस्त्यावर आणि त्याच्या टोकाच्या बागेत माणसे जमतात. नाश्ता होतो, चहा होतो, पुस्तकांची खरेदी होते. आणि शहरातले चित्रकार, खत्तात, शायर, ऊद वाजवणारे आपापले काम घेऊन येतात आणि लोकांपुढे मांडतात. ना तिकीट, ना आमंत्रणपत्रिका. सुट्टीच्या दिवशीचा निवांत नाश्ता आणि कलेची बैठक तिथे एकाच सकाळी होते.

मुतनब्बीचा रस्ता

या रस्त्याचे नाव शारा अल-मुतनब्बी. अल-मुतनब्बी हा दहाव्या शतकातला अरबीचा मोठा शायर. इ. स. ९१५ मध्ये कूफ्यात जन्मला आणि ९६५ मध्ये प्रवासात मारला गेला. १९३२ साली, राजा फैसल पहिला याच्या कारकिर्दीत, या रस्त्याला त्याचे नाव मिळाले. रस्ता सुरू होतो तो रशीद रस्त्यापासून आणि संपतो दजला नदीच्या काठाशी. तिथे मुतनब्बीचा पुतळा उभा आहे आणि खाली नदीत फेरी मारायला होड्या मिळतात. आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तेराव्या शतकातला मुस्तनसिरिया मदरसा, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा सफाफीर बाजार, वह्या-कागदांचा सराय बाजार, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर.

रस्त्याचा मुख्य धंदा पुस्तकांचा. दुकाने तर आहेतच, पण शुक्रवारी पुस्तके दुकानांतून बाहेर पडून चादरींवर, लाकडी फळ्यांवर, गाड्यांवर येतात. अरब जगात एक बोल प्रसिद्ध आहे की काहिरा लिहिते, बैरूत छापते आणि बगदाद वाचते. शुक्रवारच्या गर्दीकडे पाहिले की तो बोल का पडला असावा ते समजते. दप्तर पाठीला लावलेली मुले, काठी टेकत आलेले आजोबा, लेकरांचा हात धरलेल्या आया, सगळे चादरीपाशी वाकून पुस्तके चाळत असतात.

इराकमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. आपल्याकडे रविवारी सकाळी घराला जो सैलपणा येतो, तो तिथे शुक्रवारी येतो. उशिरा उठायचे, पोटभर नाश्ता करायचा, बाहेर एक चक्कर मारायची आणि नमाजीला पोहोचायचे. या सैल वेळेचा उपयोग बगदादवाल्यांनी फार छान करून घेतला आहे.

नाश्त्याला काय? काही!

बगदादच्या सुट्टीच्या सकाळचा खास पदार्थ म्हणजे 'काही'. हो, नावच तसे आहे. आपल्या मराठीत ऐकताना गंमत वाटते, पण हा मैद्याचा, तुपात भाजलेला, पापुद्रे सुटणारा घडीचा प्रकार आहे. आपल्या खाजाची आणि मालवणी पोळीपेक्षा जाड पराठ्याची सोयरीक लावली तर साधारण अंदाज येईल. त्यावर साखरेचा पाक आणि वर 'गैमर'. गैमर म्हणजे म्हशीच्या दुधाची घट्ट, जाड साय. ती हळूहळू तापवून, थंड करून, वड्यांसारखी कापून विकतात. दक्षिण इराकच्या दलदलीच्या भागात म्हशी पाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत. ईदच्या सकाळी आणि लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी काही-गैमर खाण्याची बगदादी घरांत रीत आहे. काहींना गोड नको असते. त्यांच्यासाठी शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांसोबत रोटीचे तुकडे भिजवून, वर गरम तूप आणि अंडे घातलेला 'बागिल्ला बिद्दिहिन' असतो. एक ताट खाल्ले की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आणि मग येतो 'अंबा'. हा शब्द मात्र आपलाच आहे. कैरी, मीठ, मेथी आणि हळद यांचे पिवळेधमक आंबट लोणचे इराकभर 'अंबा' याच नावाने विकले जाते. 'समून' नावाच्या होडीच्या आकाराच्या पावात उकडलेले अंडे किंवा भाजी भरून वर अंबा ओततात. मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या बगदादी व्यापाऱ्यांमार्फत ही चव तिकडे गेली, असे मानले जाते. सासून घराण्याचे नाव त्यात नेहमी घेतले जाते, पण त्या कहाणीत दंतकथेचा भाग किती आणि इतिहासाचा किती, ते सोडून देऊ. शब्द मराठी आहे एवढे पुरे. दजलेच्या काठावर एखादा विद्यार्थी सकाळी सकाळी 'अंबा जास्त घाल' म्हणतो, तेव्हा आपल्या कोकणातला एक शब्द तो रोज बोलत असतो.

चहा काळा असतो आणि कंबर आवळलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात येतो. त्या पेल्याला 'इस्तिकान' म्हणतात. दूध न घालता, तळाशी साखर ठेवून. चहा नको असेल तर 'नूमी बसरा', म्हणजे वाळवलेल्या लिंबाचा आंबट काढा. या पेल्यांची किणकिण हाच त्या रस्त्याचा आवाज आहे.

शाहबंदरचा चहा

रस्त्याच्या टोकाशी शाहबंदर नावाचे चहाघर आहे. शाहबंदर म्हणजे बंदराचा, जकातीचा प्रमुख. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतही हा शब्द भेटतो. १९१७ मध्ये हे चहाघर सुरू झाले. त्याआधी त्या इमारतीत छापखाना होता. १९६३ पासून हाजी मोहम्मद अल-खशाली यांनी ते चालवले. त्यांनी एक शिस्त घातली. इथे पत्ते नाहीत, डॉमिनो नाही, सोंगट्या नाहीत. बगदादच्या बाकी चहाघरांत या खेळांचा खडखडाट दिवसभर चालतो. शाहबंदरमध्ये यायचे ते बोलायला, वाचायला, ऐकायला. गिऱ्हाईक कमी होईल असे कोणालाही वाटले असते, पण उलट लेखक, शिक्षक, वकील, चित्रकार यांचा तो अड्डाच झाला. भिंती वरपासून खालपर्यंत जुन्या बगदादच्या छायाचित्रांनी भरल्या. चहा पिता पिता माणूस आपल्या शहराचे शंभर वर्षांचे चेहरे पाहतो.

५ मार्च २००७, सोमवार. या रस्त्यावर मोटारीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. किमान २६ माणसे गेली. काही नोंदी ३० हून अधिक सांगतात. शंभरच्या आसपास जखमी झाली. पुस्तकांची दुकाने जळाली, कागद जळत जळत हवेत उडाला. शाहबंदर उद्ध्वस्त झाले. अल-खशाली यांचे चार मुलगे आणि एक नातू त्या एका दिवशी गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

बापाने चहाघर विकले असते, कुलूप लावून देश सोडला असता, तर कोणी बोट दाखवले नसते. त्या वर्षांत लाखो इराकी देश सोडून जातच होते. पण चहाघर पुन्हा बांधले गेले. नावाच्या जोडीला 'शहिदांचे चहाघर' असे शब्द आले आणि भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांत त्या पाच जणांची छायाचित्रे लागली. २००८ च्या डिसेंबरमध्ये रस्ता पुन्हा खुला झाला. पुढे २०२१ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती आणि नवे दिवे लागून तो आणखी एकदा नव्याने उघडला.

अल-खशाली नंतरही बरीच वर्षे दाराजवळच्या आपल्या जागेवर बसत आणि येणाऱ्यांचे सलाम घेत. सब्र या शब्दावर आपण पुष्कळ बयाने ऐकतो. ज्या जागेने आपली लेकरे नेली, तीच जागा दुसऱ्यांच्या लेकरांसाठी रोज सकाळी उघडणे, हा सब्रचा एक अर्थ आम्हाला तिथे दिसतो.

या स्फोटाची बातमी ऐकून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बो बोसोलेल या पुस्तकविक्रेत्याने जगभरच्या छापकारांना आणि कलावंतांना हाक दिली. त्यांनी हाताने छापलेली १३० चित्रपाने तयार केली. मृत आणि जखमींच्या आकड्याला धरून हा आकडा ठरवला होता. त्यांचा एक संपूर्ण संच बगदादच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ठेवला गेला. एका मोहल्ल्याच्या दुःखाला दूरच्या अनोळखी माणसांनी हातांनी दिलेले हे उत्तर होते.

किशल्याच्या बागेत

शाहबंदरपासून दोन पावलांवर किशला आहे. किशला म्हणजे तुर्की भाषेत लष्करी छावणी. उस्मानी काळात इथे शिपाई राहत. मिदहत पाशा १८६९ ते १८७२ या काळात बगदादचा वाली होता. त्याच्या नावाशी इथला घड्याळाचा मनोरा जोडलेला आहे. शिपायांनी वेळेवर उठावे म्हणून तो बांधला, असे सांगतात. २३ ऑगस्ट १९२१ रोजी भल्या सकाळी याच आवारात फैसलचा राज्याभिषेक झाला. पुढे बरीच वर्षे ही जागा सामान्य माणसासाठी बंद आणि पडीक होती. २०१३ साली बगदादला अरब संस्कृतीची राजधानी म्हणून मान मिळाला. त्या सुमारास डागडुजी झाली, हिरवळ आली आणि दरवाजे उघडले.

दरवाजे उघडताच शहरातले कलावंत आत आले. शुक्रवारी सकाळी झाडांना, कठड्यांना, तिकाटण्यांना चित्रे टेकलेली असतात. एखादा चित्रकार समोर बसलेल्या मुलाचा चेहरा पेन्सिलने काढत असतो. एखादा खत्तात बोरूने कागदावर मागेल त्याचे नाव लिहून देतो. एका कोपऱ्यात ऊद वाजत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात कोणी नवा शायर आपल्या ओळी वाचत असतो आणि दहा-वीस माणसे गोल करून ऐकत असतात. बाजूच्या बगदादी सांस्कृतिक केंद्राच्या जुन्या सरकारी इमारतीत प्रदर्शने, व्याख्याने, मुलांचे उपक्रम चालतात. दुपार झाली की गर्दी विरळ होते. कोणी नमाजीकडे वळतो, कोणी जेवायला घरी. चित्रे पुन्हा गुंडाळून मोटारीत जातात.

या पद्धतीत एक शहाणपण आहे. मोठ्या दालनात चित्र लावायचे तर पैसे लागतात, ओळख लागते, चांगले कपडे लागतात. पाहणाराही तिथे शिरताना बिचकतो. आपल्याला काही कळत नाही, कोणी हसेल, विकत घ्यावे लागेल, असे त्याला वाटते. इथे माणूस नाश्त्याला आलेला असतो, पुस्तक घ्यायला आलेला असतो, मुलांना नदी दाखवायला आलेला असतो. चित्र वाटेत भेटते. आवडले तर थांबायचे, नाही तर पुढे जायचे. चित्रकारालाही दर आठवड्याला तेच चेहरे भेटतात. मागच्या शुक्रवारी 'आकाश फारच काळे झाले' म्हणून गेलेला म्हातारा पुन्हा येणार, हे त्याला ठाऊक असते. नियमित येणारा, खरे बोलणारा पाहुणा कलावंताला जेवढा शिकवतो, तेवढे पारितोषिकही शिकवत नाही.

ही चित्रे आली कुठून?

बगदादमध्ये कलावंत आज उगवलेले नाहीत. अरबी अक्षरांचे नियम ज्यांनी घालून दिले ते इब्न मुक्ला, इब्न अल-बव्वाब आणि याकूत अल-मुस्तअसिमी हे तिघेही बगदादचेच. यांतला इब्न अल-बव्वाब आम्हाला विशेष जवळचा वाटतो. 'बव्वाब' म्हणजे दरवान. दरवानाचा हा मुलगा आधी घरांच्या भिंती रंगवायचा, मग पुस्तकांवर नक्षी काढू लागला आणि शेवटी खत्तातांचा उस्ताद झाला. हिजरी ३९१ मध्ये त्याने लिहिलेली कुरआनची प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. याकूतबद्दल अशी आख्यायिका आहे की १२५८ मध्ये मंगोल शहर लुटत होते, तेव्हा तो एका मिनारात बसून कापडाच्या तुकड्यावर अक्षरे घोटत होता, कारण कागद संपला होता. त्याआधी वीसेक वर्षे, १२३७ मध्ये, याह्या अल-वासिती याने हरीरीच्या 'मकामात' या ग्रंथाची एक प्रत लिहिली आणि स्वतःच तिच्यात चित्रे काढली. बाजार, उंटांचा तांडा, ग्रंथालय, मशिदीतला खुत्बा, असे त्या काळचे रोजचे जगणे त्यात आहे. ती प्रत आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

विसाव्या शतकात हा धागा पुन्हा हाती घेतला गेला. पॅरिसहून शिकून आलेले फायक हसन आपल्या मित्रांना घेऊन गावोगाव, नदीकाठी चित्रे काढायला जात आणि एकमेकांच्या घरी जमत. १९५१ मध्ये जवाद सलीम आणि शाकिर हसन अल सईद यांनी आधुनिक कलेचा बगदाद गट काढला. परदेशी शिक्षण घ्यायचे, पण हात वासितीचा विसरायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. बगदादच्या तहरीर चौकातले सुमारे ५० मीटर लांबीचे 'नुस्ब अल-हुर्रिया' हे जवाद सलीम यांचे शिल्प. काम पूर्ण होण्याआधीच, १९६१ मध्ये, ते वारले.

आमच्या वाचक भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. या इतिहासात स्त्रिया मागे नाहीत. जवाद यांची बहीण नजीहा सलीम यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले आणि परत येऊन बगदादच्या ललित कला संस्थेत वर्षानुवर्षे शिकवले. बायका, घर, शेत, अंगण हे त्यांचे विषय. मदीहा उमर यांनी अरबी अक्षर हेच चित्राचा विषय केले आणि १९४९ मध्ये वॉशिंग्टनला तशा चित्रांचे प्रदर्शन भरवले. अक्षरांतून चित्र घडवणारी जी शैली आज मोरोक्कोपासून पाकिस्तानपर्यंत दिसते, तिच्या आरंभी या बाईंचे नाव घेतात. लैला अल-अत्तार चित्रकार होत्या, कलासंस्थेच्या प्रमुख होत्या. जून १९९३ मध्ये अमेरिकेने बगदादवर डागलेल्या क्षेपणास्त्रांत त्या आपल्या घरात मारल्या गेल्या.

भुकेच्या वर्षांत

१९९० नंतर इराकवर निर्बंध आले आणि ते २००३ पर्यंत राहिले. औषधे मिळेनात, पगाराला किंमत उरेना. प्राध्यापकांनी आपली घरची पुस्तके मुतनब्बी रस्त्यावर आणून विकली. बापाने जमवलेले ग्रंथ मुलाने पिठासाठी विकले. शाळेच्या पेन्सिलीसुद्धा अडवल्या गेल्या, कारण त्यातल्या ग्रॅफाइटचा लष्करी वापर होऊ शकतो म्हणे!

अशा काळात, १९९२ मध्ये, चित्रकार कासिम सब्ती यांनी बगदादच्या वजीरिया भागात 'हिवार' नावाचे दालन उघडले. हिवार म्हणजे संवाद. दालनाला बाग होती, बागेत चहा होता. कलावंत तिथे येऊन बसत, एकमेकांचे काम पाहत, आणि शहरात आलेले परदेशी लोक चित्रे घेत, त्यावर कैक घरांच्या चुली पेटत. २००३ च्या युद्धात आधुनिक कलेचे संग्रहालय लुटले गेले. तिथे सुमारे ८,००० कलाकृती होत्या. ललित कला अकादमीचे ग्रंथालयही जळाले-लुटले गेले. सब्ती तिथे गेले आणि फाटलेल्या पुस्तकांची पुठ्ठ्याची वेष्टने उचलून घेऊन आले. कापड, शिवणीचा दोरा, शाईचे डाग, सगळे तसेच ठेवून त्यांनी त्यांची चित्रे केली. पुस्तक गेले, वेष्टन राहिले, आणि ते भिंतीवर लागून पुन्हा वाचले जाऊ लागले.

आम्हाला या सगळ्यातून एक गोष्ट कळते. कला पोट भरल्यावर सुचणारी चैन आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. बगदादने ती उपाशीपोटी सांभाळली, कारण तिच्या निमित्ताने माणसे एकमेकांना भेटत होती. ज्या शहरात शिया-सुन्नी मोहल्ल्यांमध्ये सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या शहरात शुक्रवारी चित्रापुढे उभा असलेला माणूस कुठल्या मोहल्ल्याचा हे कोणी विचारत नव्हते. ही छोटी गोष्ट नाही.

आपल्या मोहल्ल्यात

मुंबईच्या काळा घोडा भागात १८७० मध्ये बांधलेले डेव्हिड सासून ग्रंथालय आहे. हे सासून बगदादहून आलेले, १८३० च्या दशकात मुंबईत स्थिरावलेले. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्याच नावाचे. आणि त्या ग्रंथालयाच्या समोर १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे. दालनात जागा मिळणे कठीण, म्हणून बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रे लावून बसतात. पुस्तकांचे घर आणि त्यासमोर रस्त्यावरची चित्रे! बगदादचा एक तुकडा मुंबईत आहे म्हणायला हरकत नाही.

पण सगळ्यांना काळा घोड्यापर्यंत जाता येत नाही, आणि जायची गरजही नाही. आपल्या आसपास पाहू. संगणकावर उर्दू अक्षरजुळणी आली आणि मालेगाव, भिवंडी, मुंबईतल्या कातिबांचे काम गेले. ज्यांनी वर्तमानपत्रांचे मथळे हाताने लिहिले, ते उस्ताद आज लग्नपत्रिकांवर किंवा दुकानांच्या पाट्यांवर भागवतात, किंवा घरी बसून आहेत. औरंगाबादच्या हिमरूचे विणकर बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. मेंदीच्या कोनातून तासाभरात जाळीदार वेल उतरवणाऱ्या मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, पण त्यांना कोणी कलावंत म्हणत नाही. कुणाची अम्मी रजईवर टाके घालते, कुणाची खाला क्रोशाच्या विणीत जन्नुमाज सजवते. कुणाचा मुलगा वहीच्या मागच्या पानावर सारखा काहीतरी रेखाटत असतो आणि मार खातो.

सजीवांच्या चित्रांबद्दल आपल्या घरांत मतभेद आहेत, ते आम्ही जाणतो. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. पण अक्षर, वेलबुट्टी, भौमितिक नक्षी, विणकाम, भरतकाम, निसर्ग, इमारती, एवढे विस्तीर्ण मैदान मोकळे असताना या एका प्रश्नावर सगळे दार बंद करायचे कारण नाही. इब्न अल-बव्वाबचे नाव हजार वर्षे टिकले ते अक्षरांवर आणि नक्षीवर.

मग करायचे काय? आमच्या मते सुरुवात अगदी साधी असावी. महिन्यातून एक रविवार ठरवा. शाळेचे सभागृह, जमातखान्याचे अंगण किंवा एखाद्या घराची गच्ची घ्या. प्रत्येक घराने एक डबा आणायचा. कुणी सांदण, कुणी खिमा-पाव, कुणी घावन, कुणी शीरखुर्मा. चहाचे पातेले एक. भिंतीला दोरी बांधून चिमटे लावले की प्रदर्शन झाले. नियम तीन पुरेत. पहिला, लावलेले प्रत्येक काम सगळ्यांनी थांबून पाहायचे. दुसरा, 'छान' म्हणून सुटायचे नाही. काय आवडले, काय खटकले ते सांगायचे. तिसरा, आवडलेले काम फुकट मागायचे नाही. मेंदी असो की खत, मेहनतीचा मोबदला द्यायचा, मग तो शंभर रुपये का असेना. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. ती कलावंतालाही लागू आहे. स्त्रियांना संकोच वाटत असेल तर त्यांची वेगळी वेळ ठेवा, पण त्यांचे काम घरात झाकून ठेवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नेम मोडू नका. पहिल्या महिन्यात चाळीस माणसे येतील, तिसऱ्यात बारा. बाराच आली तरी चहा ठेवा. म्हातारा कातिब यावेळी आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करा. बगदादची सकाळ एका वर्षात उभी राहिलेली नाही, आणि एका स्फोटाने बंदही पडली नाही. दर आठवड्याला कोणीतरी पाणी उकळत ठेवते, कोणीतरी चादर अंथरते, कोणीतरी चित्र काखोटीला मारून निघते.

आपल्या गावात, मोहल्ल्यात अशी बैठक कोणी भरवत असेल, किंवा हे वाचून भरवायचे ठरवले असेल, तर आम्हाला जरूर कळवा. आणि घरात एखादी वही असेल, जिच्या मागच्या पानांवर रेखाटने आहेत, तर या जुम्याला ती मुलाकडून मागून घ्या. रागावण्यासाठी नाही. त्याच्या शेजारी बसून एकेक पान नीट पाहण्यासाठी.